पुढचं डावं चाक

आमच्या घरात पहाटे पाचला तीन शेगड्या एकदम पेटायच्या आणि त्यांच्या घरघरीने मला जाग यायची. गुडगावच्या एका जुन्या गावात, ज्याला चारी बाजूंनी काचेच्या उंच इमारतींनी घेरून टाकलं होतं, आम्ही तळमजला भाड्याने घेतला होता. पुढची खोली आम्हा तिघांची; मागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी आईच्या स्वयंपाकाची. आई-बाबा दोघंही भंडाऱ्याकडचे. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला होते. रोज मेट्रोने दिल्लीला जायचे आणि संध्याकाळी परतले की दारातच विचारायचे, "आज काय उरलं?" जे उरेल तेच आम्ही जेवायचो आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण उरायचं ते राजेशाही असायचं. पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, गोळाभात, ज्वारीच्या भाकरी, सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. डब्यात सांबारवडी आहे असं मी कॉलेजात सांगितलं की माझ्या दिल्लीच्या मैत्रिणी आधी इडली शोधायच्या.

आईचा हा उद्योग तीन मुलांपासून सुरू झाला होता. मानेसरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेली ती आमच्या गावाकडची तीन पोरं एका रविवारी पत्ता शोधत घरी आली, वरण-भात जेवली, आणि त्यातलं सगळ्यात धाकटं जेवता जेवता रडायला लागलं. त्याला विचारलं तर म्हणाला, तिखट लागलं. ते तिखट लागण्याचं रडणं नव्हतं हे आईला कळलं. पुढच्या आठवड्यापासून ती त्यांना डबे पाठवायला लागली आणि दोन वर्षांत मानेसरच्या एका वसतिगृहातली ऐंशी मुलं तिच्या हातचं जेवू लागली. पाळीला जाण्याआधी त्यांचं जेवण व्हायला हवं म्हणून बरोबर सव्वाअकराला आमची पांढरी पिकअप गल्लीतून निघायची. हौद्यात झाकणं बांधलेली मोठाली पातेली, पुढे चालवायला रामपालचाचा आणि त्यांच्या शेजारी आई, मांडीवर भाकरीचं फडकं बांधलेलं टोपलं घेऊन.

रामपालचाचा रेवाडीकडचे. साठीला टेकलेले, शिडशिडीत, कमी बोलणारे. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. आमच्या पिकअपला ते 'छोटी' म्हणायचे. ब्रेक कमीत कमी लागावा अशी त्यांची चालवण्याची रीत होती. दोनशे मीटरवर सिग्नल लाल दिसला की पाय उचलायचे आणि गाडी आपोआप मंदावत सिग्नलपाशी पोचायची, तोवर तो हिरवा झालेला असायचा. आई म्हणायची, या माणसाच्या गाडीत दही लावलं तरी नीट लागेल.

अशा माणसाच्या हातात ती गाडी थरथरायला लागली. आधी अगदी थोडी. हायवेवर सत्तरच्या पुढे गेलं आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात फुरफुरायचं. वेग कमी झाला की सगळं शांत. चाचांनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं आणि गाडी खांडसा रोडवरच्या गुलशनजींच्या गॅरेजात नेली. गुलशनजी आमचे नेहमीचे मिस्त्री, धिप्पाड, गडगडाटी हसणारे, कामाला पक्के. त्यांनी पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ती तबकडी वेडीवाकडी झिजली की चिमटीत थरथर होते, हे खरंच आहे. नव्या डिस्क घालून गाडी लोण्यासारखी चालायला लागली. सहा-सात आठवड्यांनी थरथर परत आली. गुलशनजींनी पुन्हा डिस्क बदलल्या, पॅडही चांगल्यातले घातले, चाकांचं बॅलन्सिंग केलं. पुन्हा लोणी, आणि पुन्हा दीड-दोन महिन्यांत तेच.

तिसऱ्या खेपेला जे झालं ते मी पाहिलेलं नाही, आईकडून ऐकलेलं आहे. मानेसरच्या अलीकडे उतारावर एक कंपनीची बस वळणासाठी अचानक आडवी आली. चाचांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग इतकं थरथरलं की त्यांना ते दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं, आणि गाडी बसच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. हौद्यातल्या वरणाच्या पातेल्याची दोरी तुटली. ऐंशी माणसांचं वरण रस्त्यावर. त्या दिवशी मुलांनी भरीत-भाकरी आणि कांदा खाल्ला, कुणी तक्रार केली नाही. पण आई घरी आली तेव्हा टोपल्याचा काठ तिने इतका घट्ट धरला होता की तळहातावर त्याची नक्षी उठली होती.

संध्याकाळी गुलशनजींनी निकाल दिला. डिस्क नव्या, पॅड नवे, टायर ठीक; मग उरला कोण? ड्रायव्हर. ते आईला म्हणाले, "भाभीजी, बुजुर्ग आदमी है, ब्रेक पर पाँव रखके चलाता होगा. डिस्क गरम होके टेढ़ी हो जाती है." बाबांना ते पटलं. बाबा वाईट माणूस नव्हते. ते फाइलींचे माणूस होते, आणि फाइलीत शेवटचा जो कागद असतो त्यावर निर्णय होतो. महिनाअखेर चाचांना सन्मानाने निरोप द्यायचा आणि कुणी तरुण ड्रायव्हर बघायचा, असं त्यांनी जेवताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते चाचांच्या कानावर घातलं. पातेली धुवायच्या नळाशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आणि मग कितीतरी वेळ गमछाने तोंड पुसत उभे राहिले.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. डिप्लोमा झाला की मी सरकारी परीक्षांना बसायचं हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. पुढच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीशेजारी त्यांनी आणलेल्या मार्गदर्शक पुस्तकांची चळत होती आणि मी ती उघडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मला गाड्यांची विद्या हवी होती. पण तोवर ती विद्या वह्यांमध्येच होती. गॅरेजात मी गेले की गुलशनजी प्रेमाने चहा मागवायचे आणि पाना हातात द्यायचे नाहीत.

चाचांना काढायचं ठरलं त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी आई भाकरी थापत होती, तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, गाडीत नक्की काय होतं ते सांग. इथे मला माझ्या मराठीबद्दल एक कबुली द्यायला हवी. दिल्लीच्या शाळेत वाढलेल्या माझ्याकडे त्या प्रकाराला एकच शब्द होता, व्हायब्रेशन, आणि गुलशनजींकडेही तोच. आईकडे मात्र शब्दांचा अख्खा मिसळणाचा डबा होता. ती म्हणाली, "हादरे नाहीत ते. गचकेही नाहीत. डुगडुगतही नाही गाडी. थरथरते."

मी विचारलं, फरक काय? तिने पीठ लागलेले हात वर केले. हादरा खालून येतो, खड्ड्यातून. गचका पुढून येतो, क्लच चुकला की. डुगडुगणं म्हणजे काहीतरी ढिलं असणं, ते ब्रेक न दाबताही होतं. आणि थरथर एकसारखी, बारीक असते. वेग जास्त तर भरभर, वेग उतरला की संथ. "ती कुठे लागते तुला? बसतेस तिथे, की पुढे?" मी विचारलं. "बुडाखाली काही नाही," आई म्हणाली, "चाचांच्या हातात असते. आणि समोरची काच वाजते ना, ती माझ्या बाजूने."

मी वहीत ते लिहून घेतलं, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की तिने मला अर्धं निदान सांगून टाकलं आहे. चाकाच्या फिरण्याशी बांधलेली थरथर, म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात. हातात लागते, बुडाखाली नाही, म्हणजे मागची चाकं नव्हेत, पुढची. आणि काच आईच्या बाजूने वाजते, म्हणजे बहुधा डावं चाक. मग मी तिला विचारलं, डिस्क बदलल्यावर थरथर नक्की किती दिवसांनी परत यायची? आईच्या तारखा पदार्थांच्या असत. पहिल्या डिस्क हुरड्याच्या दिवसांत बदलल्या आणि थरथर परत आली ती कैऱ्या आल्यावर. दुसऱ्या कैरीच्या लोणच्याला घातल्या, म्हणजे लोणचं केलं त्या आठवड्यात, आणि लोणचं मुरलं तेव्हा परत. दोन्ही वेळा सुरुवातीला एकदम छान. ब्रेकवर पाय ठेवून चालवणाऱ्याने बिघडवली असती तर दोन्ही बाजूच्या डिस्क बिघडल्या असत्या. शिवाय चाचा तसे चालवत नाहीत हे या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त ते कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

रविवारी सकाळी मी चाचांना घेऊन सेक्टरच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. वेग धरायला लावला आणि ब्रेक न दाबता हँडब्रेक हळूहळू ओढायला सांगितलं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गाडी गुमान मंदावली, कसलीही थरथर नाही. मग पायाचा ब्रेक, आणि स्टिअरिंग फुरफुरलं. मागची चाकं निर्दोष सुटली. चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, "बिटिया, किताब में यह भी लिखा है?" मी म्हटलं, हे लिहिलंय, पुढचं मोजावं लागेल.

मोजायला लागतो डायल गेज. घड्याळासारखी एक तबकडी, तिला एक बारीक टोक, आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवायला लोहचुंबकाचा स्टँड. टोक ज्याला टेकवाल ते केसाच्या काही अंशाने जरी डळमळलं तरी काटा हलतो. त्याच्या एका रेघेचा अर्थ मिलिमीटरचा शंभरावा भाग. आमच्या लॅबच्या सरांनी मला तो एका अर्जावर दोन दिवसांसाठी दिला आणि वर सांगितलं, हा खाली पडला तर घड्याळ मेलं समज. मी तो ओढणीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून आणला. आज माझ्या स्वतःच्या गॅरेजात तपासणीची कितीतरी यंत्रं आहेत, पडद्यावर सगळं लाल-हिरवं दाखवणारी. तरी नव्या मुलामुलींच्या हातात मी पहिल्यांदा डायल गेज देते. काट्याकडे बघताना माणूस श्वास धरतो. पडद्याकडे बघताना धरत नाही.

गेज आणला त्या दिवशी दुपारी गुलशनजींच्या गॅरेजात मी पोचले ती आई, बाबा आणि चाचा यांना बरोबर घेऊनच. बाबा रजा टाकून यायला तयार नव्हते. आई त्यांना म्हणाली, "माणूस काढायचा आहे ना, मग बघायला तरी या." गुलशनजी हसले, पण नको म्हणाले नाहीत. पुढचं डावं चाक काढलं, पॅड धरणारा कॅलिपर बाजूला टांगला, डिस्क चाकाच्या नटांनीच घट्ट बसवली आणि मी गेजचं टोक तिच्या काठाजवळ टेकवलं. डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा गेला, परत आला. चौदा रेघा. उजव्या बाजूला तेच केलं तर चार.

"वही तो," गुलशनजी म्हणाले, "डिस्क टेढ़ी है." त्यांचं म्हणणं होतं की आता आणखी एक डिस्क घालू आणि ड्रायव्हर बदला. मी त्यांना थोडं थांबायची विनंती केली. जिथे काटा सगळ्यात वर गेला होता तिथे मी डिस्कवर खडूने एक रेघ ओढली आणि तिच्याजवळच्या बोल्टलाही खडू लावला. मग नट काढले, डिस्क उचलली आणि अर्धा फेरा फिरवून परत तिथेच बसवली. आता डिस्कवरची खूण एका बाजूला आणि बोल्टवरची बरोबर समोरच्या बाजूला. मी सगळ्यांना सांगितलं की दोष डिस्कमध्ये असेल तर काटा डिस्कच्या खुणेपाशी चढेल. आणि बोल्टपाशी चढला, तर दोष डिस्कच्या मागे आहे, हबमध्ये. म्हणजे ज्या लोखंडी बैठकीवर डिस्क आणि चाक दोन्ही बसतात तिच्यात.

मी डिस्क फिरवायला लागले. डिस्कवरची खूण काट्यापाशी आली, काटा खालीच. मी फिरवत राहिले. बोल्टवरची खूण जवळ आली तसा काटा चढायला लागला, आणि ती समोर आली तेव्हा पार वर जाऊन उभा राहिला.

गुलशनजी वाकले. त्यांनी स्वतःच्या हाताने डिस्क पुन्हा एकदा फिरवली. मग म्हणाले, गंज असेल, हबवर गंज बसला की डिस्क तिरकी बसते. बरोबर होतं त्यांचं. मी तारेच्या ब्रशने हब चकचकीत होईपर्यंत घासला, बेअरिंग ढिलं नाही हे चाक वर-खाली हलवून दाखवलं आणि गेजचं टोक थेट हबवर टेकवलं. सात रेघा. डिस्क मोठी, म्हणून बैठकीतल्या सात रेघा तिच्या काठाशी चौदा होत होत्या. सगळं जुळलं. बैठक तिरकी, म्हणून प्रत्येक नवी डिस्क फिरताना कणभर डळमळायची, दर फेऱ्याला पॅड तिच्या एकाच जागी घासायचा, आणि सहा-सात आठवड्यांत ती तेवढ्याच जागी पातळ व्हायची. मग थरथर. आम्ही डिस्कमागून डिस्क त्या तिरक्या बैठकीला खाऊ घालत होतो. ड्रायव्हरच्या पायाचा त्यात काही संबंध नव्हता.

मी वर पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला होता. बाबा गेजच्या काट्याकडे बघत होते. आयुष्यात मला त्यानंतर पुष्कळ ठिकाणी मान मिळाला, पण जिंकणं म्हणजे काय ते मी त्या तेलकट फरशीवर बसून शिकले. अंगातून एक गरम लाट गेली आणि मला उगाचच हसू यायला लागलं.

ते हसू फार टिकलं नाही. गुलशनजींनी हबवरून अंगठा फिरवला आणि सरळ प्रश्न केला, "यह तो ठोकर की चोट है. गाड़ी किसने ठोकी थी?" सगळ्यांच्या नजरा साहजिकच चाचांकडे गेल्या. चाचांनी हात जोडले आणि बोलायला लागले, "जी, मुझसे ही एक बार..."

"नाही," मी म्हटलं. "मी ठोकली होती."

आदल्या हिवाळ्यात चाचा मला गाडी चालवायला शिकवत होते, घरात कुणाला न सांगता. एका वळणावर मी घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला आणि डावं चाक फुटपाथच्या कडेवर दणकन आदळलं. टायर फाटला. चाचांनी तो बदलला, घरी खिळा लागला असं सांगितलं आणि मला म्हणाले, हे आपल्या दोघांत. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आले की हबला हात लावेपर्यंत मला त्या ठोकरीची आठवणही झाली नव्हती. आता या वयात खोटं बोलून काय मिळवायचंय? आई 'माझ्या बाजूने काच वाजते' म्हणाली तेव्हाच मला तो फुटपाथ आठवला होता. डावं चाक. मी मोजायला निघाले ते चाचांची नोकरी वाचवायला हे खरं, पण मनात कुठेतरी अशीही आशा होती की ते दुसरंच काही निघेल.

मी सगळं सांगितलं. मराठीत सुरू केलं आणि गुलशनजींना कळावं म्हणून हिंदीत संपवलं. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे मला जास्तच रडू आलं. आई चाचांना एवढंच म्हणाली, "भैया, नौकरी जा रही थी, तब भी नहीं बोले?" चाचा म्हणाले, "बच्ची को ज़बान दी थी, बहनजी." मग गुलशनजींकडे न बघता, हळूच म्हणाले, "ब्रेक पर पाँव रखके मैंने तो बैलगाड़ी भी नहीं चलाई."

पहिल्यांदा हसले ते गुलशनजी. त्यांचं ते गडगडाटी हसू पत्र्याखाली घुमलं, आणि त्यांनी चाचांचे दोन्ही हात धरून सगळ्या गॅरेजसमोर माफी मागितली. मोठा माणूस; चूक मान्य करताना त्याचा आवाज लहान झाला नाही. दुसऱ्या दिवशी नवा हब आला. तो बसवताना गुलशनजींनी माझ्या हातात पाना दिला आणि स्वतः दिवा धरून उभे राहिले. नव्या हबवर गेज लावला, दोन रेघा. नवी डिस्क बसवली, तिच्या काठाशी चार रेघा. "पास?" गुलशनजींनी विचारलं. मी म्हटलं, पास. तिथल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने समोरून जिलेबी आणली.

बाबा त्या संध्याकाळी आधी चाचांशी बोलले. दोघं नळापाशी उभे होते. काय बोलले ते मला कधी कळलं नाही, पण नंतर बाबांनी चाचांना हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं आणि आमच्याबरोबर ताटावर बसवलं. माझ्याशी ते चार दिवस फारसं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ऑफिसातून उशिरा आले, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बुद्धमूर्तीशेजारच्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवलं. कश्मीरी गेटच्या बाजारात उतरून त्यांनी जुना, पण सच्चा डायल गेज शोधून आणला होता. मला म्हणाले, "दुकानदाराने तीन दाखवले. मी प्रत्येकाचा काटा हलवून बघितला. हा बरोबर शून्यावर परत येत होता." पुस्तकं त्याच चळतीत राहिली, पण ती वाचली का असं त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

लोणच्याची बरणी तळाला गेली, ऊस आला, हुरड्याचे दिवस आले. गाडी थरथरली नाही. चाचा दर आठवड्याला मला अहवाल द्यायचे, खरं तर एकच शब्द, "मक्खन." संक्रांतीच्या सुमारास पानिपतच्या काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाशी, महाराष्ट्रातून माणसं येतात, त्या वर्षी दोनशे जणांच्या नाश्त्याचं काम आईला मिळालं. आम्ही सकाळी सहाला निघालो. हौद्यात पोहे, चिवडा, तिळाच्या वड्या आणि चहाचे दोन मोठे पिंप. बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पानिपतला निघालात, पानिपत करून येऊ नका." चाचांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. परवाना आला होता, शिकवणी कधीचीच उघड झाली होती. आई मधे बसली, चाचा खिडकीशी.

सोनिपत मागे पडलं तसं धुकं दाट झालं. ज्याने जानेवारीत त्या रस्त्यावर गाडी हाकली आहे त्यालाच ते धुकं माहीत. बॉनेट दिसतं आणि त्यापुढे जग संपतं. मी हळूहळूच चालवत होते. मधेच धुकं फाटलं, रस्ता लख्ख मोकळा दिसला म्हणून मी वेग घेतला, आणि पुन्हा पडदा पडला त्याच क्षणी समोर, दिवा नाही की लाल कापड नाही, उसाने लादलेली एक ट्रॉली उभी. मी ब्रेक दाबला. चाचांनी शिकवलं होतं तसा, न दचकता, एकसारखा, शेवटपर्यंत. गाडी नाकासमोर सरळ राहिली, स्टिअरिंग माझ्या हातात झोपल्यासारखं निवांत, आणि आम्ही उसाच्या बाहेर आलेल्या पात्यांपासून चांगले चार हात अलीकडे उभे राहिलो. मागे पिंपातला चहा एकदा डुचमळल्याचा आवाज आला, तेवढाच.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ओठांवर बोट ठेवून ती मला गप्प राहायला सांगत होती, आणि दुसऱ्या हाताने खिडकीकडे दाखवत होती. रामपालचाचा काचेला डोकं टेकून गाढ झोपले होते. दुसरं कुणी गाडी चालवत असताना चाळीस वर्षं डोळा न मिटलेला माणूस. मी गियर टाकला, ट्रॉलीला वळसा घातला आणि पुढे निघाले. पानिपतच्या वेशीवर, धुक्यातून सूर्य नाण्यासारखा दिसायला लागला तेव्हा ते जागे झाले, गमछाने तोंड पुसलं आणि विचारलं, "आ गए क्या, बिटिया? रास्ते में कुछ हुआ तो नहीं?"

"नहीं चाचा," मी म्हटलं, "कुछ भी नहीं."